गेलेलं चालणं परत येतं का? पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाचा इतिहास

आजचा विषय वैद्यकाचा वाटेल, पण आपण तो इतिहास म्हणून पाहणार आहोत. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना या इतिहासात रस वाटतो तो एका कारणानं. मेंदू म्हणजे काय याविषयी एखाद्या काळाची जी समजूत असते, त्यावर रुग्णाला उभं करायचं की अंथरुणावर ठेवायचं हे ठरत आलेलं आहे.

आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ इंग्रजीत ‘स्ट्रोक’, म्हणजे फटका. दोन्ही शब्दांत एकच भाव आहे : बाहेरून काही आलं आणि माणसाला पाडून गेलं. प्रत्यक्षात मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि तिथल्या पेशी मरतात. पायाचं हाड, स्नायू सगळं जागेवर असतं. पायाला हुकूम पोचवणारी वाट तुटलेली असते. मग उपचार करायचा कशावर, पायावर की मेंदूवर? सगळा वाद इथून सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रश्नावर मोठा अधिकार होता स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांचा. 1906 सालचं नोबेल त्यांना विभागून मिळालं होतं. प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, ते मरू शकतात पण पुन्हा उगवत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. पुढच्या विज्ञानाला हा निवाडा कदाचित बदलता येईल, असंही त्यांनी लगेच जोडलं. लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला, दुसरा विसरले!

तुटलेलं जोडता येत नसेल, तर उरलेल्यावर भागवा, हा मग सरळ निष्कर्ष. धडधाकट बाजू बळकट करा, दुसऱ्या पायाला पट्टा बांधा, हातात काठी द्या. वास्तविक 1917 मध्येच अमेरिकेत ऑग्डेन आणि फ्रान्झ यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं होतं की चांगला हात अडकवून ठेवला आणि लुळा हात वापरायला भाग पाडलं, तर पुष्कळ हालचाल परत येते. पण प्रचलित समजुतीत हा पुरावा बसत नव्हता. तो कित्येक दशकं पडून राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्लिनमधून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ या व्यायामशिक्षिकेनं दुबळ्या बाजूवरच काम सुरू केलं. त्यांचे पती कारेल डॉक्टर होते. चुकीच्या, ताठर हालचाली आधी आवरा, मग नीट हालचाल शिकवा, असं त्यांचं म्हणणं. स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम नेमकं उलट सांगत : सुरुवातीला ज्या ओबडधोबड हालचाली येतात, त्यांचाच आधार घ्या. दोघींची पुस्तकं एकाच वर्षी, 1970 मध्ये आली. सिद्धांत परस्परविरोधी, आणि दोघींकडे रुग्ण सुधारत होते. मग सुधारणा सिद्धांतानं झाली, की दोन्हीकडे जे समान होतं त्यानं? समान काय होतं, तर लुळ्या बाजूला रोज काम आणि जवळ एक जाणकार माणूस.

आता एक उदाहरण पाहू. पेद्रो बाख-इ-रिता हे न्यूयॉर्कमधले प्राध्यापक आणि कवी. 1959 साली, वयाच्या पासष्टीत त्यांना पक्षाघात झाला. आता सुधारणा नाही, असं सांगण्यात आलं. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्यानं वडिलांना आधी रांगायला लावलं, लहान मुलासारखं, भिंतीच्या आधारानं. मग उभं राहणं, मग चालणं. पेद्रो पुन्हा शिकवू लागले, आणि 1965 मध्ये डोंगर चढत असताना हृदयविकारानं गेले. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूतली इजा मोठी होती आणि ती भरून आलेली नव्हती. म्हणजे जुनी वाट दुरुस्त झाली नव्हती. उरलेल्या मेंदूनं ते काम अंगावर घेतलं होतं. त्यांचे दुसरे पुत्र पॉल पुढे मेंदूच्या या लवचिकतेचे मोठे अभ्यासक झाले.

1980च्या दशकात ऑस्ट्रेलियात जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी गोष्ट सोपी करून मांडली : चालायला शिकायचं तर चालण्याचाच सराव हवा. मग यंत्रं आली. पट्ट्यानं शरीराचं वजन अंशतः उचलून धरायचं आणि ट्रेडमिलवर पावलं टाकायची. आशा मोठी होती. 2011 मध्ये अमेरिकेतल्या 408 रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. वर्षाअखेर सुमारे 52 टक्के लोकांची चालण्याची क्षमता वाढली होती. पण ट्रेडमिलवाले आणि घरी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम करून घेणारे यांत फरक नव्हता.

मग जितकं लवकर आणि जितकं जास्त तितकं चांगलं? तसंही नाही. 2015 मध्ये 2104 रुग्णांच्या चाचणीत दिसलं की पहिल्या 24 तासांतच वारंवार उठवण्याचा धडाका लावला, तर परिणाम थोडे वाईटच आले.

आता आपल्या देशाकडे येऊ. फिजिओथेरपिस्ट सगळीकडे मिळत नाहीत; मग घरच्यांनाच शिकवलं तर? हा प्रश्न घेऊन भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांची चाचणी झाली. 2017 साली निकाल लागला. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, 47 टक्के. निकाल कडू आहे. सून, मुलगा, बायको यांनी जीव ओतला तरी केवळ तेवढ्यानं प्रशिक्षित माणसाची उणीव भरून निघेल, असं यातून सिद्ध होत नाही. म्हणून रुग्ण चालू लागला नाही तर त्याचा दोष घरच्यांच्या माथी मारू नये. ‘मनात आणलं तर होतं’ असं रुग्णाला सुनावणंही तितकंच अन्यायाचं.

तेव्हा या इतिहासानं आपल्याला काय दिलं? ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य पुराव्याशिवाय उच्चारलं जात होतं, आणि त्यापायी किती तरी माणसं अंथरुणाला खिळून राहिली. ‘सगळं होईल’ या वाक्यालाही तोच नियम लावला पाहिजे. आणि चालणं म्हणजे काय, हेही ठरवलं पाहिजे. काठी घेऊन, पाय ओढत का होईना, माणूस स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत गेला, तर त्याला अपुरं चालणं म्हणणारे आपण कोण? त्याचा दिवस बदललेला असतो. प्रश्न विचारायचा तो एवढाच : याला कुठवर जायचं आहे, आणि तिथवर सोबतीला शिकलेला माणूस आपण देऊ शकतो का?

आता प्रश्न घेऊ.