वेतन व कामाचे तास यांची आकडेवारी

कामगार किती तास राबतात आणि त्याबद्दल त्यांच्या हाती किती पैसे पडतात, याची शासनाने गोळा केलेली माहिती. महाराष्ट्रात तिचे मूळ गिरण्यांत आहे : मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस स्थापले आणि कापड गिरण्यांतील वेतन व तासांच्या चौकशीचा त्याचा अहवाल १९२३ मध्ये निघाला.

बदलापूरच्या बेलवलीतला कामगार आज दोन वाटांनी मोजला जाऊ शकतो. वार्षिक उद्योग पाहणी कारखान्याच्या दप्तरातून मनुष्यदिन व वेतन घेते. २०१७ पासूनची नियतकालिक श्रमबल पाहणी निवडक घरी जाऊन सातही दिवसांचे तास विचारते. तिच्यात पगारदाराची कमाई महिन्याची नोंदतात, रोजंदाराची दिवसागणिक. उद्योग पाहणीत माणूस कामाच्या गावी मोजला जातो, श्रमबल पाहणीत राहत्या गावी.

या भागाची मोठी अडचण कामासाठीच्या लोकल प्रवासाची आहे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किमी. पण आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार घर ते कामाची जागा हा प्रवास कामाच्या तासांत धरत नाहीत. म्हणून इथले आकडे वाचताना २०१९ ची वेळ-वापर पाहणी शेजारी हवीच. तिच्यात प्रवासाचा वेळही नोंदला आहे.