मापाचे माप

वाण्याची तागडी खरी की खोटी, हे गिऱ्हाइकाला नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी वजनावर सरकारी शिक्का लागतो, आणि शिक्का मारणाऱ्यापाशीही एक पक्के वजन असावे लागते. बाजारात मापात पाप झाले तर फार तर पसाभर धान्य कमी येईल. पण जे डोळ्यांना दिसत नाही, अंगाला जाणवत नाही, आणि तरीही देह जाळते, त्याच्या मापात चूक झाली तर? क्ष-किरणांचा इतिहास बऱ्याच अंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे.

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे १८९५ च्या नोव्हेंबरात विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यातली हाडे आणि बोटातली अंगठी पाहून जग थक्क झाले! लवकरच जागोजागी क्ष-किरणांच्या नळ्या चालू झाल्या. नळी बरोबर चालते की नाही हे पाहायला लोक आपलाच हात तिच्यापुढे धरीत आणि पडद्यावर हाडे कितपत स्पष्ट उमटतात ते पाहत. हातच मापयंत्र झाला होता. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली हाच उद्योग वर्षानुवर्षे करीत होता. त्याची कातडी भाजली, कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो गेला. एडिसनने त्या किरणांचा नाद सोडला.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मापही फारसे निराळे नव्हते. रोग्याची कातडी लाल होईल एवढे किरण, ही त्यांची मात्रा! पण कातडी माणसागणिक वेगळी, आणि लाली उमटते ती काही दिवसांनी. तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असे.

खरे माप सापडले ते साध्या हवेत. क्ष-किरण हवेतून गेले की तिच्यात विद्युत्भार सुटतात. ठरावीक आकारमानाच्या हवेत किती भार सुटला हे मोजले की किरण किती आले ते कळते. १९२८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत याच पायावर ‘राँटगेन’ हे एकक मान्य झाले. पण प्रत्येक देशाची हवापेटी वेगळी. मग १९३१ साली अमेरिकेचे लॉरिस्टन टेलर आपली पेटी बरोबर घेऊन युरोपला गेले आणि तिथल्या प्रयोगशाळांच्या मापांशी ती ताडून पाहिली. मापे जवळजवळ जुळली. वजनाला वजन लावून पाहावे, तसेच हे होते.

आज क्ष-किरण विभागातले कर्मचारी छातीवर एक छोटा बिल्ला लावतात. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. अंगावर आलेल्या किरणांची आठवण त्या साठवून ठेवतात, आणि तापवल्या की प्रकाशाच्या रूपाने परत देतात. मात्र या चकत्या मृदू किरणांना वाजवीपेक्षा जास्त दाद देतात. म्हणून एका चकतीवर धातूची पत्री असते.

अशा बिल्ल्याची परीक्षाही घ्यावी लागते. प्रयोगशाळेत गाळण्या लावून मृदू आणि कठोर किरणांचे वेगवेगळे झोत तयार करतात. प्रत्येक झोत आधी हवापेटीने मोजून घेतात. मग बिल्ला त्या झोतात ठेवतात, पण अधांतरी नाही, तर तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि पंधरा सेंटिमीटर जाड अशा पाणी भरलेल्या चौकोनी पेटीवर. कारण माणसाच्या छातीवर आदळून काही किरण उलट फिरतात आणि बिल्ल्यावर येतात. पाण्याची पेटी तिथे माणसाच्या जागी उभी असते.

जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९३६ साली या किरणांना बळी पडलेल्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर अनेक देशांतल्या डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची, मदतनिसांची नावे आहेत. एके काळी नळीपुढे माणसाचा हात असे. आता तिथे पाण्याची पेटी असते. ही अदलाबदल ज्यांच्या जिवावर झाली, ते हेच लोक.