दंतवैद्यकीय शिक्षण : रुग्णोपचाराचे प्रशिक्षण व परीक्षा

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याने व्यवसायाची परवानगी मिळण्यापूर्वी रुग्णांवर करावयाचे उपचारकार्य आणि त्यातील नैपुण्य पडताळण्याच्या पद्धती यांचा येथे ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. दंतवैद्यकातील बहुसंख्य उपचार हस्तकौशल्यावर अवलंबून असतात. दाताचा एकदा कोरून काढलेला भाग पुन्हा वाढत नाही. त्यामुळे नवशिक्याच्या हातून झालेली चूक रुग्णाला कायमची भोवते. उलटपक्षी, प्रत्यक्ष रुग्णावर काम केल्यावाचून हात तयार होत नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हा या शिक्षणातील मूळ प्रश्न होय.

उमेदवारी : यूरोपात दात काढण्याचे काम दीर्घकाळ न्हावी-शल्यक व गावोगाव हिंडणारे दात काढणारे लोक करीत. फ्रान्समध्ये १६९९ मध्ये दंतकर्म करणाऱ्यांना शल्यकांच्या मंडळापुढे परीक्षा देणे आवश्यक झाले. तथापि परीक्षक स्वतः या कामात निष्णात नसत. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक मानला गेलेला प्येर फोशार (१६७८–१७६१) याने १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा दोष दाखविला व परीक्षक-मंडळात अनुभवी दंतवैद्य असावा, असे मत मांडले. इंग्लंड व अमेरिका येथे एकोणिसाव्या शतकापर्यंत शुल्क देऊन एखाद्या व्यावसायिकाकडे उमेदवारी करणे, हाच शिक्षणाचा मुख्य मार्ग होता. उमेदवाराची योग्यता गुरूच्या कुवतीवर ठरे. सर्वांना लागू पडेल असे प्रमाण नव्हते.

महाविद्यालये व दंत रुग्णालये : हॉरेस एच. हेडन (१७६९–१८४४) व चॅपिन ए. हॅरिस (१८०६–६०) यांच्या प्रयत्नांनी १८४० मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बॉल्टिमोर येथे पहिले स्वतंत्र दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. पहिल्या वर्गात ५ विद्यार्थी होते. त्यांपैकी दोघांना १८४१ मध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षी ॲलाबॅमा राज्याने दंतव्यवसायाचे नियमन करणारा कायदा केला. हार्व्हर्ड विद्यापीठाने १८६७ मध्ये दंतवैद्यक विद्यालय काढल्याने या शिक्षणाचा विद्यापीठाशी संबंध जुळला.

लंडनमध्ये १८५८ मध्ये सोहो चौकात दंत रुग्णालय उघडले व पुढच्या वर्षी त्याला विद्यालय जोडण्यात आले. गरिबांना अल्प खर्चात उपचार आणि विद्यार्थ्यांना देखरेखीखाली काम, हा येथे पडलेला पायंडा दंतवैद्यक विद्यालयांनी पुढे सर्वत्र स्वीकारला. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने १८६० मध्ये दंतशल्यकर्माची अनुज्ञप्ति-परीक्षा सुरू केली. १८७८ च्या ब्रिटिश कायद्याने नोंदवही निर्माण झाली. परंतु त्यामुळे केवळ ‘दंतवैद्य’ या पदनामाला संरक्षण मिळाले. नोंदणी नसलेल्यांच्या व्यवसायावर खरा निर्बंध १९२१ च्या कायद्याने आला.

रुग्णापूर्वीचा सराव : ग्लासगो येथील ऑस्वल्ड फर्गस याने १८९४ मध्ये दात बसविता येतील असे कृत्रिम मस्तक तयार केले. रुग्णाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थी खुर्चीशेजारी योग्य रीतीने उभा राहून, आरशातून पाहून, मर्यादित जागेत दात कोरण्याचा सराव करू लागला. याच सुमारास ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) याने दंतक्षयामुळे पडणाऱ्या पोकळ्यांचे वर्गीकरण केले आणि त्या कोरण्याचे नियम घालून दिले. पोकळीची रूपरेषा, खोली, भिंती व कडा यांना निश्चित निकष मिळाल्याने परीक्षकाला कामाचे गुणांकन करणे शक्य झाले. १९२६ मध्ये विल्यम जे. गीस (१८७२–१९५६) यांनी कार्नेगी प्रतिष्ठानासाठी लिहिलेल्या अहवालात केवळ हस्तकौशल्यावर न थांबता वैद्यकाच्या मूलभूत शास्त्रांचा पाया देण्यावर भर दिला.

कामाच्या संख्येचा दंडक : इतके दात काढणे, इतके दात भरणे, इतक्या कवळ्या तयार करणे, अशी किमान कामांची यादी ठरवून देण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. प्रत्येक टप्प्यावर अध्यापक काम तपासून विद्यार्थ्याच्या नोंदवहीत सही करतो. यादी पुरी झाल्याखेरीज अंतिम परीक्षेस बसता येत नाही. पद्धत सोपी व सर्वांना सारखी असली, तरी तिचे दोष लवकरच ध्यानात आले. विद्यार्थी रुग्णाच्या गरजेकडे न पाहता यादीत कमी पडणारे काम शोधू लागतो. गुंतागुंतीचा रुग्ण टाळला जातो, आणि एकाच रुग्णाचे उपचार अनेक हातांत विभागले जातात. शिवाय पाच वेळा केलेले काम पाचव्या वेळी तरी चांगले झाले की नाही, हे संख्येवरून कळत नाही. त्यामुळे १९९० नंतर अमेरिकेत व पुढे इतरत्र, रुग्णाच्या संपूर्ण उपचाराची जबाबदारी विद्यार्थ्यावर सोपवून त्याची स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता पाहावी, हा विचार बळावला. डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडलेली, ठराविक वेळेच्या अनेक लहान स्थानकांवर कौशल्य तपासणारी परीक्षापद्धती दंतवैद्यकातही वापरली जाऊ लागली. संख्येचा दंडक मात्र पूर्णपणे गेला नाही. पुनरावृत्तीवाचून हात बसत नाही, हे त्याचे कारण होय.

परवाना-परीक्षा व रुग्ण : अमेरिकेत पदवीनंतर राज्याच्या मंडळापुढे जिवंत रुग्णावर काम करून दाखवावे लागे. सोन्याच्या पत्र्याने दात भरणे ही तेथील दीर्घकाळची कसोटी होती. योग्य जागी योग्य आकाराचा दंतक्षय असलेला रुग्ण उमेदवाराने स्वतः शोधून आणावयाचा असे. त्यासाठी कधी रुग्णाला पैसे दिले जात, कधी परीक्षेची तारीख येईपर्यंत उपचार लांबविला जाई, आणि परीक्षेनंतर उमेदवार दुसरीकडे गेल्यास पुढील देखभाल अनिश्चित राही. रुग्ण हा परीक्षेचे साधन ठरत असल्याने या पद्धतीवर नैतिक आक्षेप घेण्यात आले. २००५ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने ती बंद करण्यास पाठिंबा दिला. न्यूयॉर्क राज्याने २००७ पासून अशा परीक्षेऐवजी पदवीनंतरचे एक वर्षाचे निवासी प्रशिक्षण आवश्यक केले. २०२० मधील कोविड-१९ च्या साथीमुळे अनेक राज्यांनी कृत्रिम दातांवरील परीक्षा स्वीकारली. अशा दाताला वेदना नसते, लाळ व भय यांचा अडथळा नसतो. म्हणून ही परीक्षा न्याय्य असली, तरी ती पूर्ण कसोटी मानता येत नाही.

भारत : आयोवा विद्यापीठाचे पदवीधर रफिउद्दिन अहमद (१८९०–१९६५) यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने नोंदवहीचे दोन भाग केले : ‘अ’ भागात मान्य पदवीधर व ‘ब’ भागात पदवीवाचून दीर्घकाळ व्यवसाय करणारे. उमेदवारीची परंपरा कायद्याने अशा रीतीने संक्रमणापुरती मान्य केली. १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन होऊन अभ्यासक्रमात एकसूत्रीपणा आला.

परिषदेच्या नियमांनुसार पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा व त्यानंतर एक वर्ष आळीपाळीने विविध विभागांत आंतरवासिता, अशी रचना झाली. प्रारंभी विद्यार्थी कृत्रिम मस्तकावर व काढलेल्या दातांवर काम करतो. तिसऱ्या व चौथ्या वर्षी रुग्णोपचारावर भर असतो. लेखी, मौखिक व प्रात्यक्षिक परीक्षांबरोबर वर्षभराच्या कामाचे अंतर्गत मूल्यमापनही धरले जाते. आंतरवासितेचा काही काळ सार्वजनिक दंतारोग्याच्या कामासाठी राखून ठेवलेला असतो. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग अधिनियमात व्यवसायाच्या परवान्यासाठी देशव्यापी सामाईक निर्गम परीक्षेची तरतूद आहे.

१९८० नंतर खाजगी महाविद्यालये झपाट्याने वाढली. रुग्णांचा ओघ पुरेसा नसेल, तर नोंदवही भरते पण हात तयार होत नाही. कोणतीही सामाईक परीक्षा ही उणीव नंतर भरून काढू शकत नाही. म्हणून विद्यार्थ्याला पुरेसे व विविध प्रकारचे रुग्ण मिळणे आणि प्रत्येक टप्प्यावर अध्यापकाने काम स्वतः पाहणे, या दोन गोष्टींवरच रुग्णाची सुरक्षितता अखेर अवलंबून राहते.