बडोद्यातील तातडीचे उपचार: तालमीपासून डिफिब्रिलेटरपर्यंत

बडोदे संस्थानात पाश्चात्त्य पद्धतीच्या उपचारांची घडी महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत बसली. १८८६च्या सुमारास उभ्या राहिलेल्या काउंटेस ऑफ डफरिन रुग्णालयाचेच पुढे सर सयाजीराव जनरल रुग्णालय झाले आणि १९४९ मध्ये शहरात वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. रुग्णालय मात्र रुग्णाने गाठायचे ठिकाण असते, आणि तिथे पोहोचण्यापूर्वी जखमी माणसाला हात देणारी जाणती माणसे बडोद्याच्या तालमींत होती.

आपले गुरू जुम्मादादा यांच्या तालमीचा वारसा चालवणारे राजरत्न प्रा. माणिकराव (१८७८–१९५४) मल्लविद्येइतकेच निखळलेले सांधे बसवण्यासाठी आणि मोडलेली हाडे जुळवण्यासाठी ख्यात होते, व त्यांच्या व्यायाम मंदिरात हे कौशल्य व्यायामशिक्षणाच्या जोडीने नांदले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ही बडोद्यातच सिद्ध झाला. शरीराचे ज्ञान थोड्या लोकांच्या हाती राहू नये, ही त्यामागची दृष्टी अत्यंत मोलाची होती आणि तिची नोंद वैद्यकाच्या इतिहासातही व्हायला हवी.

हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या माणसासाठी मात्र तालमीतील कोणतीही विद्या पुरेशी नव्हती. अशा प्रसंगी पुष्कळदा हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील विद्युतलहरी विस्कटून स्नायू नुसते थरथरत राहतात व रक्त पुढे ढकलले जात नाही. या अवस्थेला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात, आणि ती मोडण्यासाठी हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर. अमेरिकेत क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर उघड्या हृदयाला असा धक्का देऊन एका मुलाला वाचवले, पॉल झोल यांनी १९५६ मध्ये छाती न उघडता तो देऊन दाखवला, आणि १९६० मध्ये कूवेनहोवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीवर लयीत दाब देऊन रक्ताभिसरण टिकवण्याची रीत प्रसिद्ध केली. खरे वळण आले ते बेलफास्टमध्ये, जिथे फ्रँक पँट्रिज यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास सुमारे ७० किलो वजनाचे यंत्र रुग्णवाहिकेत बसवून उपचारच रुग्णाकडे नेले. धक्क्याविना आणि दाबाविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता अदमासे सात ते दहा टक्क्यांनी घटते, म्हणून पुढे स्वयंचलित यंत्रे आली. ती हृदयाची लय स्वतः तपासतात, गरज असेल तरच धक्का देऊ देतात आणि काय करायचे ते बोलून सांगतात, त्यामुळे विमानतळावरचा सामान्य कर्मचारीही ती वापरू शकतो.

उपचार माणसाजवळ नेण्याच्या या विचाराला जवळचे असे एक उदाहरण बडोद्याच्या इतिहासात आहे. १९१० नंतर उभ्या राहिलेल्या ग्रंथालय व्यवस्थेत फिरत्या पुस्तकपेट्या गावोगावी जात, त्यांच्या वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. वाचकाने राजधानीला यावे, अशी अट नव्हती. लोकांनी वापरावयाची वस्तू लोक जिथे असतील तिथे ठेवणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य मानले गेले होते.

हाच विचार उपचारांत आणणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा गुजरातेत २००७ मध्ये सुरू झाली व तिने मोठे काम केले. तरी गर्दीतून वाट काढणाऱ्या गाडीची मिनिटे शेवटी मोजावीच लागतात. २०२३च्या नवरात्रात गरबा खेळताना तरुणांचेही मृत्यू झाल्याच्या बातम्यांनी राज्य हादरले, आणि त्याच वर्षी पोलीस व शाळाशिक्षकांना छातीवर दाब देण्याचे, म्हणजे सीपीआरचे, शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयांमार्फत देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. दाब देणारे हात तयार होत असताना त्यांच्या जवळ डिफिब्रिलेटर असणे तितकेच आवश्यक आहे, कारण दाबाने रक्त फिरते ठेवता येते, पण थरथरणाऱ्या हृदयाची लय सहसा विजेच्या धक्क्यानेच पूर्ववत होते. हजारो माणसे एकत्र येणारी बडोद्यातील गरब्याची मैदाने, रेल्वे स्थानक आणि सयाजीबाग ही त्यासाठी स्वाभाविक ठिकाणे ठरतात. मात्र तिथे यंत्र कुलूपबंद कार्यालयात न राहता दिसेल अशा जागी राहावे आणि त्याची बॅटरी व छातीला लावायच्या पट्ट्या मुदतीत बदलण्याची जबाबदारी नेमून दिलेल्या व्यक्तीकडे असावी.