तारेची परीक्षा: तांबड्या समुद्रापासून पनवेलपर्यंत

आजचा विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, न्यायदर्शन सोडून वायरमनचा धंदा कधी धरलात?" धंदा धरलेला नाही. फसलो, म्हणून इतिहासात शिरलो.

पनवेलच्या आमच्या घरी गच्चीवरच्या खोलीतून मी बोलतो आणि तिथूनच ही व्याख्यानं तुमच्यापर्यंत येतात. वायफाय स्लॅबमधून वर येईना, म्हणून खालून वर केबल ओढायची ठरली. एका दुकानातून 305 मीटरचं, म्हणजे हजार फुटांचं खोकं आणलं. वर छापलेलं 'कॅट सिक्स'. वायरमनने दोन्ही टोकांना टेस्टर लावला, एकामागून एक आठ दिवे लागले. "सर, ओके!" पैसे दिले. पहिल्या दिवशी गिगाबिटचा वेगही मिळाला. पहिला पावसाळा सरता सरता तो शंभर मेगाबिटवर आला, आणि एक दिवस व्याख्यानाच्या मध्येच सगळं बंद पडलं. आता यात विशेष असं, की शंभर मेगाबिटला तारेच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे कुठेतरी एक जोडी आधीच मेली होती.

पुतण्या आला. त्याने उरलेल्या केबलचा तुकडा घेऊन आतली बारीक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबडी, आतून पांढरी. ॲल्युमिनियम, आणि वर तांब्याचा मुलामा! असली तार वाकवली की लवकर तुटते, आणि सांध्यात ओल शिरली की गंजते. पनवेलच्या हवेत ओल किती, ते तुम्हाला सांगायला नको.

मग मी तीन दिवस त्या आठ दिव्यांचा विचार करत बसलो. दिवे खोटं बोलले का? नाही. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का, एवढंच त्यांना विचारलं होतं. त्यांनी 'हो' म्हटलं. ती कशाची आहे, हे मी विचारलंच नव्हतं. (दुकानातही भाव विचारून थांबलो होतो, तेव्हा दोष एकट्या दुकानदाराचा नाही.)

हाच प्रश्न माणसांना पहिल्यांदा पडला तो समुद्राखालच्या तारांमुळे, आणि त्यात हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे. 1857 च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला महिन्याहून अधिक काळ लागला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1858 मध्ये, अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पडली. राणीचा 98 शब्दांचा निरोप जायला सुमारे 16 तास लागले. तार जेमतेम काही आठवडे जगली. तेवढ्यात एक निरोप असा गेला, की इंग्लंडला परतायला निघणाऱ्या कॅनडातल्या दोन गोऱ्या पलटणींनी आता येऊ नये. तेवढ्या एका निरोपाने हजारो पौंड वाचले. निरोप पुरेसा स्पष्ट येईना म्हणून व्हाइटहाउस या इलेक्ट्रिशियनने तारेत सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब घातला आणि आधीच दुबळी असलेली तार कायमची गेली.

सरकारला मात्र घाई झाली होती. सुएझहून तांबड्या समुद्रातून एडन आणि पुढे कराची, अशी तार 1859-60 मध्ये टाकली गेली. भांडवल आठ लाख पौंड. त्यावर साडेचार टक्के व्याजाची हमी सरकारने पन्नास वर्षांसाठी दिली, आणि तार चालूच राहिली पाहिजे अशी अट त्या हमीला घातली नाही! तार ताणून टाकलेली, खाली पोवळ्यांचे खडक, आणि वेष्टण गटापर्चाचं, जे उष्णतेने मऊ पडतं. थोड्याच अवधीत एकेक तुकडा मुका झाला. व्याज चालू राहिलं: वर्षाला 36,000 पौंड. पन्नास वर्षांचे 18 लाख होतात. मेलेल्या तारेचा एवढा महाग वर्षश्राद्धाचा खर्च दुसरा कुठला मला ठाऊक नाही.

मग चौकशी समिती बसली. तिचा अहवाल 1861 चा. तोवर जगभरात सुमारे 11,364 मैल तार समुद्रात पडली होती. चालू होती जेमतेम 3,000 मैल.

आता माझ्या पांढऱ्या तारेकडे येतो. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, पुढे ज्यांना लॉर्ड केल्विन म्हणू लागले, त्यांनी 1857 मध्येच एक निबंध वाचला होता. बाजारात 'तांबं' म्हणून विकल्या जाणाऱ्या तारा त्यांनी मोजून पाहिल्या. दिसायला सारख्या, जाडी सारखी, पण वीज वाहून नेण्यात फार मोठा फरक. तांब्यात अगदी थोडी भेसळ असली तरी पुरते. तोवर कारखानदार समजत होते, तांबं म्हणजे तांबं. थॉमसन यांनी आग्रह धरला, की तार किती वीज वाहून नेते हे करारात लिहा आणि कारखान्यातच तपासा.

वात्स्यायनाने शास्त्राच्या रीतीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. उद्देश म्हणजे नाव घेणं, लक्षण म्हणजे वेगळेपण सांगणं, आणि परीक्षा म्हणजे ते लक्षण खरोखर लागू पडतं का हे पाहणं. खोक्यावरचा छाप हा नुसता उद्देश. नैयायिक पुढे म्हणतात, ज्ञान खरं की खोटं हे प्रवृत्तीच्या यशावरून कळतं. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, म्हणजे ते पाणीच होतं. पण तांबड्या समुद्रातली तारही आधी चालली होती, माझीही चालली होती. पहिल्या दिवसाचं यश पुरतं का? माझ्या मते नाही, आणि नैयायिकांवरचा हा जुना आक्षेप मला आजवर इतका टोचला नव्हता.

1864 साली इराणच्या आखातात तार पडली, ती मात्र टिकली. ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क हे तिचे अभियंते. विजेच्या मापांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत, ही सूचना या दोघांनीच 1861 मध्ये मांडली होती. मापच नसेल तर करारात लिहिणार काय? ती तार शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आली. त्यातलं 'ट्वीड' हे जहाज मूळचं 'पंजाब', मुंबईच्याच गोदीत सागवानात बांधलेलं. आपल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचे होते. पुढे 1870 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई-एडन तार टाकली, आणि त्याच जूनमध्ये मुंबई समुद्रमार्गे थेट लंडनशी बोलू लागली.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. शंभर मीटर घ्या, एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा पिळून जोडा, दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर लावा. 23 गेजचं शुद्ध तांबं असेल तर साडेतेरा ओहमच्या आसपास आकडा येतो. माझ्या जुन्या केबलचा आला 21. मानकाप्रमाणे 19 च्या आत हवा.

दुसऱ्यांदा खरेदीला गेलो तेव्हा दुकान वेगळं होतं, आणि खिशात ब्लेड होतं. काउंटरवरचे गृहस्थ जरा दुखावले. "काका, तीस वर्षं दुकान आहे. विश्वास नाही का?" म्हटलं, "विश्वास आहे, म्हणून तर तुमच्यासमोर खरवडतोय." त्यांनीच मग टोक कापून दिलं. आतपर्यंत तांबडं निघालं. खोकं घरी आणून मोजलं: 13.6.