दरसाल भिजवावा लागणारा गहू

1928 आणि 1929 हे लागोपाठचे दोन हिवाळे युक्रेनच्या गव्हाला भोवले. तिथला हिवाळी गहू शरदात पेरतात. तो बर्फाखाली थंडी काढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात निसवतो. थंडीने ही रोपेच मेली तर वसंतात पुन्हा पेरण्याची सोय नसते, कारण थंडी न मिळालेल्या हिवाळी गव्हाला नुसते फुटवे आणि पाने येतात, ओंबी येत नाही. या पेचावर त्रोफिम लायसेंको या तरुण कृषितज्ज्ञाने उपाय सुचवला : बी कोठारातच भिजवा, कोंब जेमतेम डोकावेल इतकेच पाणी द्या, मग शून्याच्या जरा वरच्या तापमानात काही आठवडे ठेवा आणि वसंतात पेरा. उपाय नवा नव्हता. अमेरिकेतल्या ओहायोत क्लिपार्ट यांनी 1857 मध्येच असे लिहून ठेवले होते, आणि 1918 मध्ये जर्मनीत गुस्ताव गासनर यांनी राय धान्यावर ते रीतसर सिद्ध केले होते. सामूहिक शेतांवर मात्र तो जाहिरातीत वाटला तितका सोपा निघाला नाही. ओल्या बियांचे ढीग सारखे फावड्याने खालीवर करावे लागत, नाहीतर आतून तापत. तापले की कोंब वाढत आणि बुरशी धरे. फुगलेले बी पेरणीयंत्रातून नीट पडत नसे ते वेगळेच. कोन्स्तान्तिनोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1936 मध्ये अनेक वर्षांच्या चाचण्यांचे आकडे मांडले, तेव्हा उत्पन्नातली वाढ नगण्य भरली.

तरीही थंडीचा परिणाम खोटा नव्हता, आणि लायसेंकोची गोष्ट सांगताना हे बहुधा सुटते. त्याला सरसकट भोंदू ठरवले की प्रश्न मिटतो खरा, पण चूक नेमकी कुठे झाली ते झाकले जाते. दीर्घकाळ थंडी दिली की वनस्पतीचे वागणे कायमचे बदलते, हे खरे होते. ‘कायमचे’ म्हणजे त्या रोपाच्या आयुष्यापुरते, की त्याच्या बियांच्याही, एवढाच वाद होता. माझे म्हणणे असे की याचे उत्तर कोठारातल्या त्या कष्टांतच होते : बी दर वर्षी नव्याने भिजवावे लागे. गेल्या वर्षीची थंडी बियांत उतरत असती, तर दुसऱ्या वर्षी ढीग उपसण्याची गरजच पडली नसती. लायसेंकोने मात्र उलट दिशा धरली. 1935 मध्ये ओदेसाच्या काचघरात ‘कोओपेरातोर्का’ या हिवाळी वाणाची दोन रोपे त्याने प्रयोगाला घेतली. एक मेले. उरलेल्या एका रोपाच्या वंशजांवरून त्याने जाहीर केले की हिवाळी गव्हाचा वसंती गहू झाला आणि तो गुण आता पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. एका रोपाचा प्रयोग! त्यात भेसळीचा दाणा किंवा परपरागण नव्हते, हे कशावरून? असे विचारणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. जनुकशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांना 1940 मध्ये अटक झाली आणि 1943 मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ऑगस्ट 1948 मध्ये तर मॉस्कोच्या कृषी अकादमीच्या अधिवेशनात जनुकशास्त्रच मोडीत काढले गेले.

अलीकडे एक आक्षेप वारंवार ऐकू येतो, आणि तो चांगला शिकलेल्या लोकांकडूनही येतो : एपिजेनेटिक्सने लायसेंकोला बरोबर ठरवले नाही का? परिस्थितीमुळे जनुकांचे काम बदलते, हे आता मान्यच आहे ना? मान्य आहे. पण ज्या वनस्पतीत हा अभ्यास सर्वांत खोल गेला, तिची साक्षच लायसेंकोच्या विरुद्ध जाते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणात ‘एफएलसी’ नावाचे जनुक फुलोऱ्याला आवर घालते. त्याची ओळख 1999 मध्ये पटली. थंडी लांबत गेली की हा आवर हळूहळू सुटतो. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर रासायनिक खुणा चढतात आणि जनुक गप्प होते. त्यातला बारकावा मोठा मजेचा आहे. एकेका पेशीत हे जनुक अर्धेमुर्धे बंद होत नाही. ते चालू तरी असते किंवा बंद तरी. जितके आठवडे थंडी, तितक्या जास्त पेशी बंद अवस्थेत जातात. म्हणून थोडक्या थंडीने फुलोरा थोडाच लवकर येतो आणि लांबलेल्या थंडीने बराच. ऊब आल्यावरही, पेशी विभागल्या तरी, खुणा टिकतात. बीजातला गर्भ तयार होताना मात्र त्या पुसल्या जातात आणि एफएलसी पुन्हा चालू होते. हे पुसणे आपोआप घडत नाही, वनस्पती ते करवून घेते. 2014 मध्ये नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरमधील संशोधकांनी आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी दाखवले की खुणा काढणारे एक विकर बिघडले, तर थंडीची आठवण काही अंशी पुढच्या पिढीत झिरपते. प्रत्येक रोपाने आपला हिवाळा स्वतः मोजावा, यासाठीच ही व्यवस्था असावी.

गव्हात यंत्रणा निराळी आहे. तिथे थंडीने ‘व्हीआरएन1’ हे जनुक जागे होते. पण वसंती गव्हात हेच जनुक थंडीवाचून चालते, कारण त्याच्या डीएनएमध्येच बदल झालेला आहे. म्हणजे हिवाळी आणि वसंती वाणांतला फरक आठवणीचा नसून लिखिताचा आहे. यावर कुणी वेल्समधील अॅबरिस्टविथच्या अळशीकडे बोट दाखवेल. तिथे ड्युरंट यांनी 1950 च्या दशकात खतांच्या वेगवेगळ्या मात्रा दिल्या आणि रोपांच्या आकारातला फरक पुढच्या पिढ्यांतही उतरला. हा दाखला खरा आहे आणि तो दडपण्याचे कारण नाही. पण पुढच्या तपासात या अळशीच्या डीएनएमध्येच फेरफार सापडले, आणि असे घडणारी वाणे मोजकीच आहेत. वनस्पतींत खुणांचा वारसा अधूनमधून चालतो, एवढेच यातून निघते. ‘हवा तो गुण शिकवा, तो वंशात उतरेल’ हे निघत नाही. अपवादाला नियम मानून लक्षावधी हेक्टरांचे धोरण आखणे हा निव्वळ अविवेक होता.

महाराष्ट्रातला रब्बी गहू वसंती जातीचाच आहे, त्याला ही थंडी लागत नाही. कांद्याला लागते. रोप पुरेसे वाढले असताना थंडी लांबली की नाशिकच्या शेतात कांद्याला डेंगळे येतात आणि कांदा बाजारात मार खातो. बियाण्याच्या प्लॉटमध्ये मात्र फुलोरा यावा म्हणून हीच थंडी हवी असते आणि त्यासाठी कंद दरसाल थंडीआधी लावावे लागतात. बियाण्यासाठी कांदे निवडताना अवेळी डेंगळे आलेली रोपे काढून टाकतात, कारण लवकर डेंगळे येण्याचा वाणगुण बियांत उतरतो. त्या हिवाळ्यात लागलेल्या थंडीवर कुणी बियाणेवाला विसंबत नाही.