बोटावर ९९, मेंदूत किती?

कोविडमध्ये घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर आठवतोय ना? भूल देतानाही तो बोटाला लावलेला असतोच. पण एक ऑपरेशन असं आहे, की तिथे तो ९९ दाखवत असताना मेंदूचा एखादा भाग गुदमरत असू शकतो. आमच्या धंद्यात डॅशबोर्ड हिरवा आणि सर्व्हर आडवा असतो, तसंच काहीसं.

हे ऑपरेशन मानेतल्या कॅरोटिड धमनीचं. तिच्यात चरबीचा थर साचतो, त्याचे तुकडे किंवा गुठळ्या सुटून मेंदूत गेल्या की पक्षाघात. थर काढायचा तर धमनीला चिमटा लावून रक्त थांबवावं लागतं. म्हणजे मेंदू वाचवायला मेंदूचंच रक्त तोडायचं! इतर धमन्यांतून पुरेसं रक्त पोचलं तर ठीक, नाहीतर हातात काही मिनिटंच असतात.

मे १९५४, लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल. ईस्टकॉट आणि रॉब या सर्जननी एका बाईंना बर्फाने चक्क २८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलं. गार मेंदूला ऑक्सिजन कमी लागतो, हा हिशोब. बाई वाचल्या. ह्यूस्टनमध्ये डीबेकींनी असं ऑपरेशन १९५३ मध्येच केलं होतं, पण ते छापलं थेट १९७५ मध्ये! असो.

पुढे बर्फ मागे पडला. चिमट्याच्या जागेला वळसा घालून रक्त नेणारी बारीक नळी आली, तिला शंट म्हणतात. पण नळी घालतानाही गुठळी सुटू शकते, म्हणून ती कुणाला खरंच हवी हे ओळखायचं कसं?

याची एक युक्ती मला फार आवडते. फक्त मान बधिर करायची, पेशंट जागा ठेवायचा. डाव्या धमनीला चिमटा लावला, की उजव्या हातात आवाज करणारं रबरी खेळणं द्यायचं आणि गप्पा मारत राहायचं. खेळणं वाजायचं थांबलं किंवा जीभ अडखळली, की लगेच शंट!

१९७७ मध्ये जोबसिस यांनी दाखवलं, की अवरक्त प्रकाशाने मेंदूतला ऑक्सिजन बाहेरूनच अजमावता येतो. आज कपाळावर त्यासाठी पट्ट्या लावतात, पण त्यांना तेवढाच तुकडा दिसतो.

मग जागं ठेवणंच सरस ना? २००८ मध्ये ‘गाला’ चाचणीचा निकाल आला, साडेतीन हजारांवर पेशंटचा. पक्षाघात, हार्ट ॲटॅक किंवा मृत्यू: पूर्ण भुलीत ४.८ टक्के, जागेपणी ४.५. म्हणजे ठोस फरक नाहीच. मला खरं सांगायचं तर खेळणंच जिंकेल असं वाटलं होतं.